यादीतले नियम, जागेवरचे नियम : ब्राउझरमधील स्थिर आणि गतिमान गाळणीची पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातील एका वाचनालयात वाचकांसाठी सहा संगणक आहेत आणि त्यांवरील ब्राउझरची देखभाल प्रस्तुत लेखक करतो. २०२५ च्या पावसाळ्यात क्रोममध्ये जुन्या आराखड्यावरची एक्स्टेंशन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) चालणे पूर्णपणे थांबले, तेव्हा या संगणकांवर अनेक वर्षे असलेल्या यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनच्या जागी त्याची 'लाइट' आवृत्ती बसवावी लागली. जाहिराती पूर्वीसारख्याच अडत होत्या, त्यामुळे बहुतेक वाचकांना काही फरक जाणवला नाही. नियमित येणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना मात्र एखादे पान अडखळले की लाल-करड्या चौकटींचा तक्ता उघडून स्वतः वाट काढण्याची सवय झाली होती. तो तक्ता कुठे गेला, असे त्यांनी विचारले. 'नव्या आवृत्तीत फक्त स्थिर गाळणी आहे, गतिमान गाळणी गेली', हे यावरचे रूढ उत्तर; म्हणजे तयार याद्यांवरून अडवणे राहिले, वापरणाऱ्याने तक्त्यातून स्वतः नियम करणे गेले. ते खोटे नाही. परंतु नव्या आराखड्याच्या दस्तऐवजांतही 'गतिमान नियम' नावाची सोय आहे आणि तिचा त्या तक्त्याशी काहीही संबंध नाही. हे दोन शब्द कुठून आले आणि वाटेत त्यांचे अर्थ कसे पालटले, हे पाहिल्याशिवाय त्या वाचकांना सरळ उत्तर देता येत नाही.

जाहिराती अडवण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे संगणकातील होस्ट्स फाइल. नको असलेल्या डोमेनपुढे स्वतःच्याच संगणकाचा १२७.०.०.१ हा पत्ता लिहिला की त्या डोमेनकडे निघालेली विनंती घराबाहेर पडतच नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून पाने चाळून देणाऱ्या प्रॉक्सी आल्या. २००२ मध्ये, पुढे फायरफॉक्स नावाने ओळखल्या गेलेल्या ब्राउझरसाठी, ॲडब्लॉक हे एक्स्टेंशन निघाले. २००६ मध्ये ॲडब्लॉक प्लसने तीच कल्पना नव्याने लिहून काढली आणि तिला तयार याद्यांची जोड दिली. स्वयंसेवकांनी चालवलेली ईझीलिस्ट ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध यादी. या याद्यांची लिपी आजही जवळपास तीच आहे: डोमेनच्या सुरुवातीला दोन उभ्या रेघा, अपवादासाठी '@@', पानावरील एखादा भाग नुसता लपवायचा असेल तर '##', आणि डॉलरच्या चिन्हापुढे 'फक्त त्रयस्थ' (पानाच्या स्वतःच्या डोमेनबाहेरून येणारे), 'फक्त स्क्रिप्ट' (पानाबरोबर येऊन ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) अशा अटी.

या यादीमागचे गृहीतक असे, की आपण उघडलेल्या पानावर काय वाईट आहे हे आपल्याआधी दुसऱ्या कोणीतरी पाहून ठेवले आहे. जे यादीत नाही ते निर्धोक समजून आत येऊ दिले जाते. यादी हजारोंच्या घरात गेली तेव्हा प्रत्येक विनंती प्रत्येक नियमाशी ताडून पाहणे परवडेना. मग नियमातला एखादा खुणेचा तुकडा वेगळा काढून त्याची अनुक्रमणिका करण्याची युक्ती आली. विनंतीच्या पत्त्यात तो तुकडा असेल तरच तो नियम तपासायचा. यादी जितकी घट्ट बांधून ठेवावी तितका शोध जलद होतो, आणि घट्ट बांधलेली यादी मध्येच एका नियमासाठी उसवणे महाग पडते. 'स्थिर' या विशेषणाचे मूळ या व्यावहारिक गोष्टीत आहे. त्याकडे पुढे परत यायचे आहे.

दुसरे घराणे जाहिरातींतून नव्हे, तर सुरक्षिततेच्या चिंतेतून आले. २००५ मध्ये फायरफॉक्ससाठी नोस्क्रिप्ट निघाले. त्याने प्रश्नच उलटा केला: सगळ्या स्क्रिप्ट बंद, आणि ज्या संकेतस्थळावर माझा विश्वास आहे त्याला मी स्वतः परवानगी देणार. त्यानंतर काही वर्षांनी रिक्वेस्टपॉलिसी या एक्स्टेंशनने हाच न्याय स्क्रिप्टपुरता न ठेवता एका संकेतस्थळावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला लावला. या घराण्यात यादी नावापुरती होती. निर्णय वापरणाऱ्याचा होता, आणि तो बहुधा पान मोडलेले समोर दिसत असताना घ्यावा लागे. ॲडब्लॉकर वापरणारे आणि नोस्क्रिप्ट वापरणारे हे अनेक वर्षे जवळजवळ दोन वेगळे समाज होते.

क्रोमची गोष्ट निराळी. २०१० च्या सुरुवातीला त्यात एक्स्टेंशन्स आली तेव्हा जाहिरात लपवता येत असे, पण तिची विनंती नीट अडवता येत नसे. विनंती निघण्यापूर्वी एक्स्टेंशनला विचारण्याची अधिकृत सोय २०१२ च्या सुरुवातीला आली. याच सुमारास, २०११ च्या डिसेंबरात, ॲडब्लॉक प्लसने काही 'स्वीकारार्ह' जाहिरातींना मूळ मांडणीतच सूट देण्याचे ठरवले आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्या वादाचे तपशील येथे लागत नाहीत. यादी ठेवणारा आणि यादी वापरणारा यांचे हित प्रत्येक वेळी एक असेलच असे नाही, ही गोष्ट मात्र अनेकांना तेव्हा प्रथम लख्ख दिसली.

दोन्ही घराणी एकत्र आली ती २०१३ ते २०१५ या काळात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाचा खरा इतिहास तोच आहे. २०१३ मध्ये एका स्वतंत्र प्रोग्रामरने क्रोमसाठी एचटीटीपी स्विचबोर्ड हे एक्स्टेंशन प्रसिद्ध केले. त्यात पानाने ज्या ज्या डोमेनशी संपर्क साधला त्यांच्या आडव्या ओळी असत आणि कुकी, चित्र, स्क्रिप्ट, फ्रेम (पानात बसवलेले दुसरे पान) अशा प्रकारांचे उभे रकाने. प्रत्येक चौकट लाल किंवा हिरवी करता येत असे. पान काय काय मागते आहे हे सामान्य माणसाला इतक्या स्पष्टपणे दाखवणारी गोष्ट तोपर्यंत विरळाच होती. पण ती वापरायला जड होती. म्हणून २०१४ मध्ये तिचे दोन भाग झाले. जूनमध्ये यूब्लॉक आले, याद्यांवर चालणारे, बसवले की विसरून जावे असे. त्याच वर्षी नंतर यूमॅट्रिक्स आले, ज्यात संपूर्ण तक्ता होता.

ही वाटणी फार दिवस शुद्ध राहिली नाही. वर्षभराच्या आत यूब्लॉकमध्येही एक आटोपशीर तक्ता आला, आणि त्यालाच 'डायनॅमिक फिल्टरिंग' हे नाव मिळाले. 'मी प्रगत वापरकर्ता आहे' या खुणेमागे तो मुद्दाम ठेवला होता, आणि ती खूण करण्यापूर्वी माहिती वाचावी अशी सूचना तिथेच होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये मूळ प्रकल्पाची सूत्रे दुसऱ्याकडे गेली, मूळ लेखकाने 'ओरिजिन' ही शाखा चालू ठेवली, आणि आज आपण जे ओळखतो ते हेच. यूमॅट्रिक्सचे काम २०२० मध्ये थांबले. त्याचा वारसा या छोट्या तक्त्यात शिल्लक राहिला.

तक्त्यात दोन रकाने असतात: एक सर्व संकेतस्थळांसाठी, दुसरा फक्त चालू संकेतस्थळासाठी. वरच्या ओळींत चित्रे, त्रयस्थ मजकूर, पानातच लिहिलेल्या स्क्रिप्ट, स्वतःच्या डोमेनच्या स्क्रिप्ट, त्रयस्थ स्क्रिप्ट आणि त्रयस्थ फ्रेम असे प्रकार, आणि खाली डोमेनची नावे. चौकट लाल केली की अडवले. हिरवी केली की जाऊ दिले, यादी काहीही म्हणो. करडी केली तर मात्र अर्थ वेगळा होतो: 'या चौकटीपुरता माझा लाल नियम रद्द, आता यादी म्हणेल तसे करा.' बदल तात्पुरता असतो आणि कुलपाच्या चिन्हावर दाबले तरच कायम होतो. अरुंद नियम रुंद नियमावर मात करतो, म्हणजे सर्वत्र लाल असलेली त्रयस्थ स्क्रिप्ट एखाद्या वर्तमानपत्रापुरती करडी करता येते आणि इतरत्र लालच राहते.

करड्या रंगाकडे फारसे लक्ष दिले जात नाही, पण स्थिर आणि गतिमान यांचे नाते तोच सांगतो. केवळ लाल आणि हिरवा असते तर वापरणाऱ्याला दर वेळी यादी आणि स्वतः यांपैकी एकाची निवड करावी लागली असती. एखादे पान चालावे म्हणून एका डोमेनला हिरवे केले की त्या डोमेनवरून येणारी टेहळणीची स्क्रिप्टही आत आली असती. करड्यामुळे दाराचा पहिला अडसर निघतो आणि दुसरा राहतो. मध्यम पातळीवर, म्हणजे त्रयस्थ स्क्रिप्ट आणि फ्रेम सर्वत्र बंद ठेवून, काम करणारा माणूस दिवसभरात जवळजवळ फक्त करडाच रंग वापरतो. हिरवा सहज हाताशी राहू नये अशी योजना नंतरच्या आवृत्त्यांत केली गेली, आणि ती योग्यच होती.

शब्दांचा गुंता

आता 'स्थिर' आणि 'गतिमान' या शब्दांकडे. प्रस्तुत लेखकाने हे दोन शब्द वाचनालयातील वाचकांना समजावून सांगण्याचा प्रयत्न अनेकदा केला आहे, आणि प्रत्येक वेळी पहिल्या पाच मिनिटांत चुकीचाच अर्थ पोहोचला आहे. दोष ऐकणाऱ्यांचा नाही.

'स्थिर' म्हटले की न बदलणारे, असे कोणीही समजेल. प्रत्यक्षात स्थिर गाळणीच्या याद्या सतत बदलतात. ईझीलिस्टच्या शीर्षभागातच ती चार दिवसांनी शिळी समजावी असे लिहिलेले असते. उलट 'गतिमान' म्हटले की आपोआप पालटणारे, परिस्थिती पाहून शहाणपणाने वागणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते. वाचनालयातील संगणकांवरचे काही गतिमान नियम २०१६ मध्ये केलेले आहेत आणि त्यानंतर त्यांना कोणी हात लावलेला नाही. म्हणजे रोजच्या अर्थाने पाहिले तर स्थिर ते फिरते आणि गतिमान ते जागचे हलत नाही.

शब्दांना हा अर्थ चिकटला तो प्रोग्रामच्या आतून पाहिल्यामुळे. यादी बांधून स्मृतीत ठेवली की ती पुन्हा बांधेपर्यंत कायम; म्हणून ती स्थिर. तक्त्यातला नियम मात्र चौकटीवर दाबताक्षणी, काहीही पुन्हा न बांधता लागू होतो. म्हणून तो गतिमान. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे अगदी अचूक नामकरण आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र नियम किती चटकन लागू होतो हा भेद दुय्यम आहे. मुख्य भेद दोन आहेत: नियम कोणी केला, आणि नियम नसताना काय घडते. यादीतला नियम दूरच्या अनोळखी माणसाने सर्वांसाठी केलेला असतो, आणि नियम नसेल तर वाट मोकळी असते. तक्त्यातला नियम समोर बसलेल्या माणसाने त्या पानापुरता किंवा स्वतःपुरता केलेला असतो, आणि नियम नसेल तर वाट बंद असावी अशी मांडणी तो एका दाबाने करू शकतो.

यावर आणखी एक थर आहे. संगणकांच्या जाळ्यांवरील फायरवॉलच्या क्षेत्रात 'स्थिर' आणि 'गतिमान' पॅकेट गाळणी हे शब्द ब्लॉकरच्या कितीतरी आधीपासून आहेत. तिथे स्थिर म्हणजे प्रत्येक पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून जाणारा माहितीचा तुकडा, सुटे तपासणारी, आणि गतिमान म्हणजे चालू जोडणीची स्थिती लक्षात ठेवून, आतून गेलेल्या मागणीचे उत्तर आहे की नाही हे पाहून निर्णय करणारी. ब्लॉकरमधील तक्त्याला 'फायरवॉल' असेही म्हटले जात असल्याने, जाळ्यांचे काम केलेला माणूस हा जुना अर्थ घेऊन येतो आणि तक्ता जोडण्यांचा इतिहास लक्षात ठेवतो असे समजतो. तो तसे करत नाही.

मराठी वाचकाच्या बाबतीत एक अडचण खास आपली आहे. मराठी वर्तमानपत्रे पहिल्यांदा इंटरनेटवर आली त्या काळात 'डायनॅमिक' हा शब्द आपल्याकडे रुळला तो 'डायनॅमिक फॉन्ट'मुळे. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत पद्धत, सर्वत्र पोहोचण्यापूर्वी प्रत्येक वर्तमानपत्राची स्वतःची अक्षरमाला असे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला फॉन्ट पानाबरोबर उतरला तरच बातमी वाचता येई, नाहीतर अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी दिसत. त्या काळची जतन झालेली पाने आजही कोणी तो फॉन्ट नसताना उघडली, तर तीच अवस्था होते. युनिकोडच्या पानावर फॉन्ट अडवला तर संगणकातील मंगलसारखा फॉन्ट त्याची जागा घेतो आणि मजकूर शाबूत राहतो. वाचनालयात जुन्या बातम्यांचा शोध घेणाऱ्या एका ज्येष्ठ वाचकांनी 'डायनॅमिक बंद करा म्हणजे अक्षरे दिसतील' असे सुचवले होते. त्यांच्या मनात फॉन्ट होता आणि ऐकणाऱ्याच्या मनात फिल्टर. त्या दिवसापासून प्रस्तुत लेखकाने वाचनालयापुरते 'यादीतले नियम' आणि 'जागेवरचे नियम' असे शब्द वापरायला सुरुवात केली. 'चल-अचल' आणि 'स्थावर-जंगम' या जोड्याही सुचवल्या गेल्या होत्या. पण त्यांनी पुन्हा हालचालीचाच अर्थ पुढे केला असता, आणि नेमका तोच टाळायचा होता.

जागेवरच्या नियमांची गरज आपल्याला का पडली

इंग्रजी संकेतस्थळांवर यादी इतकी चांगली चालते की जागेवरचे नियम हा छंदिष्टांचा खेळ वाटू शकतो. मराठी पानांवर अनुभव वेगळा होता. यादी तितकीच चांगली असते, जितके लोक ती संकेतस्थळे रोज पाहून त्रुटी कळवतात. गोव्यातून निघणाऱ्या मराठी दैनिकांची किंवा बातम्यांच्या छोट्या पोर्टलांची पाने पाहणारे मोजके, आणि त्यांतून नियम लिहून पाठवणारे त्याहून मोजके. भारतीय भाषांसाठीची पुरवणी यादी उपलब्ध झाल्यावर परिस्थिती सुधारली, तरी नवे पोर्टल निघाले, त्याने जाहिरातींचा नवा पुरवठादार धरला, की यादीला ते कळेपर्यंत काळ जातोच. त्रयस्थ स्क्रिप्ट मुळातच बंद असतील तर तो काळ मोजावा लागत नाही. अनोळखी पुरवठादार अनोळखी आहे एवढ्यानेच अडतो. जागेवरच्या नियमांचे मोल या एका गोष्टीत जितके दिसते तितके दुसऱ्या कशात दिसत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'त्रयस्थ' कोण हे ठरवणे मात्र वाटते तितके सरळ नाही. ब्राउझर आणि ब्लॉकर त्यासाठी सार्वजनिक प्रत्ययांची एक यादी वापरतात. कोणत्या शेपटाखाली वेगवेगळे मालक नावे नोंदवू शकतात हे ती सांगते. 'को डॉट इन' आणि 'गव्ह डॉट इन' ही अशी शेपटे आहेत. त्यामुळे 'गोवा डॉट गव्ह डॉट इन' खालची सर्व खात्यांची उपडोमेन एकमेकांना सख्खी ठरतात, पण दुसऱ्या राज्याचे 'गव्ह डॉट इन' डोमेन त्यांना त्रयस्थ ठरते. 'निक डॉट इन' हेही असेच शेपूट आहे, म्हणून त्याखालून मागवलेली स्क्रिप्ट राज्य सरकारच्या पानाला परकी वाटते. एका शासकीय सेवेच्या पानावर अर्ज भरताना पडताळणीचे चित्रच उमटत नव्हते आणि अर्जदाराला वाटले की संकेतस्थळ बंद आहे. प्रत्यक्षात वाचनालयातील मध्यम पातळीने त्या चित्राची त्रयस्थ स्क्रिप्ट अडवली होती. एक करडी चौकट पुरली. पण ती करायला कोणीतरी तिथे असावे लागले.

हीच या पद्धतीची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पैसे भरण्याच्या पानावरची बँकेची फ्रेम, नकाशा, पानात बसवलेला व्हिडिओ, प्रतिक्रियांची जागा, हे सगळे पहिल्या भेटीत मोडते. ज्याला ते जोडण्याची इच्छा नाही त्याच्यावर ही पद्धत लादू नये. वाचनालयात ती टिकली, कारण तीच तीच पन्नास-साठ संकेतस्थळे रोज उघडली जातात आणि एकदा केलेला नियम सर्वांना उपयोगी पडतो.

नवा आराखडा

२०१५ मध्ये आयफोनवरील सफारीने ब्लॉकरांना एक वेगळी वाट दिली होती: एक्स्टेंशनने नियमांची फाइल ब्राउझरकडे सोपवायची आणि बाजूला व्हायचे, तपासणी ब्राउझर करेल. एका फाइलला ५०,००० नियमांची मर्यादा होती. तेव्हा हा केवळ फोनपुरता प्रकार वाटला. २०१८ च्या अखेरीस क्रोमच्या एक्स्टेंशन आराखड्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा बाहेर आला आणि त्यातही हाच मार्ग होता. विनंती निघताना एक्स्टेंशनला विचारण्याची २०१२ पासूनची सोय काढून घ्यायची. विनंत्या पाहण्याची मुभा राहील, अडवण्याची राहणार नाही, आणि ज्या संस्थांनी धोरण म्हणून एक्स्टेंशन बसवले असेल त्यांनाच जुनी मुभा असेल. वेग वाढेल आणि प्रत्येक एक्स्टेंशनला वापरणाऱ्याची सगळी ये-जा दिसणार नाही, असे समर्थन देण्यात आले. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. त्या मुभेचा गैरवापर करणारी एक्स्टेंशन्स झाली आहेत.

पुढचा वाद मात्र जवळजवळ पूर्णपणे आकड्यांवर झाला. मसुद्यात ३०,००० नियमांची मर्यादा होती आणि एकट्या ईझीलिस्टमध्ये त्याहून अधिक नियम होते. २०१९ च्या मध्यावर ही मर्यादा १,५०,००० पर्यंत वाढवण्याचे जाहीर झाले. पुढे प्रत्येक एक्स्टेंशनला ३०,००० नियमांची हमी आणि सर्वांमध्ये मिळून ३,००,००० चा सामाईक साठा अशी व्यवस्था आली. २०२१ च्या जानेवारीत नवा आराखडा क्रोममध्ये उपलब्ध झाला. आकडे वाढले तसा विरोधाचा जोर ओसरला. पण आकडा हा यादीतल्या नियमांचा प्रश्न आहे. जागेवरच्या नियमांना संख्या लागतच नाही: 'सर्वत्र त्रयस्थ स्क्रिप्ट अडवा' हा एकच नियम आहे. त्यांचे काय होणार हा प्रश्न त्या गदारोळात क्वचित विचारला गेला, आणि तो अधिक आग्रहाने विचारला जायला हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

तत्त्वतः नव्या आराखड्यातही असा तक्ता काही प्रमाणात उभा करता येईल. त्रयस्थ स्क्रिप्ट अडवणारा एक नियम लिहायचा आणि वगळायच्या डोमेनची यादी त्यातच ठेवून दर बदलाला तो नियम पुन्हा लिहायचा. परंतु त्या भाषेत 'अडवा' आणि 'जाऊ द्या' आहे. 'मी माझा शब्द मागे घेतो, यादी म्हणेल तसे करा' असा स्वतंत्र शब्द नाही. करडा रंग आडवळणाने मिळवावा लागतो. शिवाय वाचक ज्या पानावर आहे त्या पानापुरता नियम, ही जुन्या तक्त्याची पायाभूत कल्पना होती, तर नव्या भाषेतली मूळ अट विनंती करणाऱ्या फ्रेमच्या डोमेनवर बेतलेली होती. पानात फ्रेम आणि फ्रेममध्ये फ्रेम असली की दोहोंचे उत्तर वेगळे येते.

आणि याच आराखड्यात ते दोन शब्द पुन्हा आले. त्यात 'स्थिर नियम' म्हणजे एक्स्टेंशनच्या गठ्ठ्यातच भरून आलेले. ते बदलायचे तर एक्स्टेंशनची नवी आवृत्ती काढावी लागते. काही प्रकारच्या बदलांना क्रोमच्या एक्स्टेंशन-दुकानातील तपासणीतून सूट नंतर मिळाली. 'गतिमान नियम' म्हणजे एक्स्टेंशनने चालू असताना स्वतः घातलेले आणि ब्राउझर बंद केल्यावरही टिकणारे. त्यांची मर्यादा आधी ५,००० होती, आणि केवळ अडवणे-सोडणे अशा निरुपद्रवी कृतींसाठी ती पुढे ३०,००० झाली. तिसरा प्रकार त्या बैठकीपुरत्या, म्हणजे ब्राउझर बंद केला की जाणाऱ्या, नियमांचा. आता ईझीलिस्टमध्ये काल आलेली भर आज वापरायची असेल तर एक्स्टेंशन ती उतरवून 'गतिमान' खात्यात टाकू शकते. जी वस्तू २०१४ मध्ये स्थिर गाळणीचा नमुना होती, ती या भाषेत गतिमान झाली. वापरणाऱ्याने चौकटीवर दाबून केलेला निर्णय मात्र या वर्गीकरणात कुठे बसतो हे सांगायला वेगळा शब्दच उरला नाही. तोही त्याच खात्यात, इतर हजारोंच्या रांगेत. 'नव्या आराखड्यातही गतिमान नियम आहेतच की', हे वाक्य चर्चांत वारंवार भेटते. लिहिणारे प्रामाणिकपणे लिहितात, आणि शब्द जुळल्यामुळे वस्तूही जुळली असे वाचणाऱ्याला वाटते.

२०२२ मध्ये यूब्लॉकच्या लेखकाने नव्या आराखड्यावर बेतलेली लाइट आवृत्ती काढली. तीत एखाद्या संकेतस्थळापुरती गाळणीची पातळी कमी-जास्त करता येते; डोमेनगणिक चौकटी नाहीत. जून २०२४ पासून क्रोमच्या चाचणी आवृत्त्यांत जुन्या एक्स्टेंशन्सबद्दल इशारे दिसू लागले, ऑक्टोबरपासून नेहमीच्या आवृत्तीत ती टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत ती पूर्ण बंद झाली. फायरफॉक्सने २०२३ च्या जानेवारीत नवा आराखडा स्वीकारला, पण विनंती अडवण्याची जुनी सोय त्याच्या जोडीने कायम ठेवली.

वाचनालयातील सहापैकी चार संगणकांवर आता फायरफॉक्स आणि पूर्ण यूब्लॉक ओरिजिन आहे. उरलेले दोन एका अर्जप्रणालीसाठी क्रोमवरच ठेवावे लागले, आणि त्यांवर लाइट आवृत्ती आहे. जुन्या संगणकांवरून 'माझे नियम' या पानातील मजकूर फाइल म्हणून काढून घेतला होता. फायरफॉक्समध्ये तो जसाच्या तसा आत गेला. एका ओळीत एक नियम: कोणत्या पानावर, कोणते डोमेन, कोणता प्रकार, काय करायचे. बहुतेक ओळी करड्या आहेत. तक्त्याबद्दल विचारणारे वाचक आता खिडकीजवळच्या त्या चार संगणकांपैकी एक मोकळा होण्याची वाट पाहतात.